वाजणारं लाकूड

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवं जेवणाचं टेबल आलं. दुकानातल्या माणसांनी ते जागेवर ठेवलं आणि मी काही विचार न करता त्याच्यावर बोटांची पेरं आपटली, कान जवळ नेला. आतून बायको म्हणाली, "झालं? पास केलं का रणपिसे बाईंनी?"

केलं नसतं. ते टेबल लाकडाचं नव्हतंच. भुशाच्या फळीवर लाकडाच्या रेषांचा कागद चिकटवला होता. बाई सोबत असत्या तर दुकानातूनच माघारी फिरल्या असत्या, आणि जाताजाता दुकानदाराला एक छोटंसं व्याख्यान देऊन.

विमल रणपिसे आमच्या चाकणच्या कंपनीत बॉयलर इन्चार्ज होत्या. मी स्टोअर्समध्ये. आमची कंपनी मोटारीच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवते. रबर पक्कं व्हायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला रणपिसे बाई लागतात, असा आमच्याकडे सर्वसाधारण समज होता. त्यांनी तो कधी खोडून काढला नाही. इंजिनियर होत्या, सरकारची बॉयलरची परीक्षा पास होत्या, आणि दोन्ही गोष्टी समोरच्याला पहिल्या भेटीतच कळतील अशी व्यवस्था ठेवून होत्या. वडील पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात कोळशाच्या बॉयलरवर फायरमन होते. "आग आमच्या घरात वडिलोपार्जित आहे," असं त्या म्हणायच्या. म्हणताना हसायच्या नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

मी राहतो पिंपळे गुरवला. कंपनीची बस नाशिक फाट्यावर पकडायचो. बाई पिंपरीतून आधीच बसून आलेल्या असत, डाव्या बाजूच्या खिडकीशी. सकाळच्या बसमध्ये निम्मी माणसं झोपलेली असतात आणि निम्मी मोबाइलमध्ये असतात. बाई धुराडी बघायच्या. भोसरीपासून चाकणपर्यंत रस्त्याच्या कडेने जी जी धुराडी दिसतात ती सगळी त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्याखाली कोण काम करतं हे त्यांना माहीत नसे, पण तो माणूस आज कसं काम करतोय हे माहीत असे. "काळा. हवा कमी पडतेय." "पांढरा येतोय, ओलं काहीतरी कोंबलंय मेल्याने." मोशीच्या सिग्नलला बस अडकली की एखाद्या धुराड्याची जरा सविस्तर हजेरी घेतली जायची. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं इंधन, हे त्यांचं पहिलं सूत्र. ज्याच्या धुराड्यातून काहीच दिसत नाही त्याच्याकडे चहा प्यावा, हे दुसरं. आमच्या धुराड्यातून कधी काही दिसायचं नाही, आणि चहा त्या आमच्यापैकीच कुणाच्या तरी कॅन्टीनच्या कुपनावर प्यायच्या.

दुसरी खोड कानाची. बॉयलर हाऊसमध्ये बोलताना ओरडावं लागतं. पंखे, पंप, वाफ, सगळं एकदम चालू असतं. तिथे कानात बोळे घालायचा नियम आहे आणि बाईंनी तो एक दिवसही पाळला नाही. आमचे सेफ्टी ऑफिसर बोराटे दरवर्षी सेफ्टी सप्ताहात नवीन बोळ्यांची डबी घेऊन त्यांच्याकडे जायचे.

"मॅडम, कान जातील तुमचे."

"बोराटे, कानात बोळे घातले तर पाणी देणाऱ्या फीड पंपाचा घसा बसलाय हे मला कोण सांगणार? तुम्ही?"

"मॅडम, नियम आहे."

"बॉयलर असेपर्यंत कान टिकले म्हणजे झालं. नंतर कुणाचं काय ऐकायचंय?"

बोराटे डबी टेबलावर ठेवून जायचे. ती मग स्टोअर्सला माझ्याकडे परत यायची.

खांडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा होते. बॉयलरलाही झेंडूची माळ चढायची. बाई बौद्ध, त्या हात जोडत नसत आणि कुणाला अडवतही नसत. फक्त उदबत्ती लावू द्यायच्या नाहीत. "वर्षभर धूर होऊ नये म्हणून मरमर करायची आणि सणाला आपणच धूर करायचा?" नारळाचं खोबरं मात्र न मागता दोन वेळा घ्यायच्या.

आणि तिसरी खोड, जिच्यामुळे आमच्या घरात आजही त्यांचं नाव निघतं, ती लाकडं वाजवायची. पण ती कुठून आली हे सांगायचं तर आधी इंधनाचं सांगायला हवं.

आमचा बॉयलर पूर्वी तेलावर चालायचा. मग कंपनीला हिरवं व्हायची हौस आली आणि बॉयलर ब्रिकेटवर आणला गेला. शेतातला काडीकचरा, भुसा, टरफलं दाबून केलेल्या जाड कांड्या म्हणजे ब्रिकेट. लांबलांबच्या जिल्ह्यांतून ट्रक यायचे. माल उतरवून घ्यायचं काम माझं. एकदा एका ट्रकच्या ब्रिकेटनी राखेऐवजी भट्टीत दगडासारखे थर धरले. बाई हातोडी घेऊन स्टोअर्सच्या अंगणात आल्या, एक कांडी फोडली, आतली भुकटी तळहातावर घेतली आणि ड्रायव्हरला विचारलं, "ही माती कुठली? काळी आहे म्हणून विचारते. आमच्याकडची तांबूस असते."

ड्रायव्हरने मान खाली घातली. बाई त्या दिवशी परतीच्या बसमध्ये धुराडी बघायला विसरल्या. मोशी आल्यावर म्हणाल्या, "साळुंखे, आपण एवढ्या लांबून डिझेल जाळत कचरा आणि माती आणतो आणि वर त्याला हिरवं इंधन म्हणतो. आपल्या धुराड्यावर चढलं की जेवढा मुलूख दिसतो ना, तेवढ्यातच आपलं इंधन उगवलं पाहिजे."

त्या खरंच धुराड्यावर चढल्या. वार्षिक तपासणीला शिडी लागलीच होती. खाली उभे बोराटे पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून ओरडत होते, आणि बाई वरून उत्तरेकडच्या बोडक्या टेकड्यांकडे बघत होत्या.

त्या टेकड्यांच्या पायथ्याशी करंजवाडी आहे. तिथले सोपानतात्या आमच्या बॉयलरची राख शेतात टाकायला ट्रॅक्टरने न्यायचे, एवढीच तोपर्यंतची ओळख. बाईंनी त्यांना गाठलं आणि टेकडीवर सुबाभूळ लावायची कल्पना सांगितली. सुबाभूळ झपाट्याने वाढते, मुरमाड जमिनीत येते, बुंध्यापाशी तोडली की उसाच्या खोडव्यासारखी पुन्हा फुटते. पाला शेळ्या खातात, लाकूड बॉयलर खातो. तात्यांनी गावाला बोलावलं. बाईंनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून तासभर सगळं समजावलं: लाकडात ओलावा किती टक्के चालतो, किती टक्क्यांना उष्णता किती घटते, वगैरे. लोक माना डोलवत होते. मीही डोलवत होतो. आधी नमुना म्हणून बांधावरच्या जुन्या सुबाभळी तोडून एक ट्रॉली कंपनीत आणायची, असं ठरलं.

ती ट्रॉली आली तो दिवस मी विसरणार नाही. गेटवर सिक्युरिटीवाल्याने फोन केला, "साहेब, भाजी आली आहे, पण कॅन्टीनवाले नाही म्हणतायत." बाहेर जाऊन बघतो तर ट्रॉलीवर ओली गोणपाटं अंथरलेली, खालून पाण्याची धार लागलेली, आणि तात्या नवीन टोपी घालून शेजारी उभे. गोणपाट दूर केलं तर आत हिरव्या सालीची ताजी लाकडं, एकसारखी कापून नीट रचलेली.

"पहाटं तोडलं बघा," तात्या म्हणाले. "वाटंत पानी मारत आनलं. सुकू दिलं न्हाई कुटंच."

बॉयलरवरची माणसं तोंड फिरवून उभी राहिली. बाईंनी दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. थप्प असा आवाज आला. पुन्हा आपटली, पुन्हा तसाच. आता स्फोट होणार म्हणून आम्ही वाट बघत होतो.

"तात्या, पाणी का मारलं?"

"आता बाजारात न्यायचं म्हनल्यावर? मेथी-कोथमीर काय वाळवून नेतो व्हय आमी चाकनला? माल ताजा दिसाय नको?"

बाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. ओलं लाकूड जाळलं तर आग आधी त्यातलं पाणी उकळते, मग उरलीसुरली आपल्या वाट्याला येते. ओलावा अमुक टक्क्यांच्या खाली यायला हवा. त्यासाठी हवा खेळती हवी, वर आडोसा हवा, जमिनीची ओल लागता कामा नये, ढीग दाटून रचता कामा नये... तात्या ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"म्हंजी कांद्यावानी ठिवायचं म्हना की!"

बाईंनी हातातली लाकडं खाली ठेवली.

"चाळीत," तात्या म्हणाले. "खालनं वारा, बाजूनं वारा, वर पत्रा. कांदा सडू नये म्हनून ठिवतो तसं. येवढंच ना? मग त्या दिशी टक्के टक्के काय लावलं होतं? कांदा म्हनला असता तर आमी पानी कशापायी मारलं असतं?"

परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, "सगळं गाव कांदा पिकवतं, साळुंखे. मी त्यांच्यापुढे तासभर आकडे नाचवले. एक कांदा हातात धरून बोलले असते तर पुरलं असतं." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मला जरा मजा वाटली होती, हेही सांगायला हरकत नाही.

पण योग जुळला होता. कांद्याच्या चाळी दिवाळीनंतर रिकाम्या होतात आणि उन्हाळी कांदा निघेपर्यंत तशाच पडून असतात. लाकूड तोडून वाळवायला नेमके तेच महिने. ती ओली ट्रॉली एका रिकाम्या चाळीत रचली गेली. थंडी संपता संपता बाईंनी तिथली दोन लाकडं काढून आपटली आणि त्यातून टणक, खणखणीत आवाज आला. तेव्हापासून खोड जडली. लाकूड दिसलं की वाजवायचं. लग्नाला गेल्या तर मांडवाचे वासे वाजवत, बँकेत गेल्या तर काउंटर. ओलावा मोजायचं यंत्र कंपनीने घेऊन दिलं होतं, तेही बाई पिशवीत ठेवायच्या. पण आधी कान आणि मग यंत्र. "यंत्र साल बघतं. आवाज गाभ्यातून येतो." गावकरी वाळलंय, वाळलंय म्हणून कितीही सांगोत, त्यांचं एकच ठरलेलं उत्तर असायचं: "सांगू नका, वाजवा."

टेकडीवर लागवड करायची वेळ आली तेव्हा पुन्हा शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. या वेळी बाई थोडंच बोलल्या. टेकडीचे पट्टे पाडायचे, दरवर्षी एकच पट्टा तोडायचा, शेवटचा तुटेपर्यंत पहिला पुन्हा उभा राहिलेला असेल. जेवढं वाढलं तेवढंच जाळायचं. सगळ्यांना पटलं. मग मागून एकाने विचारलं, "आमी लावू, राखू. पन तोडीला आल्यावर कंपनी नगं म्हनली तर?"

प्रश्न बरोबर होता. याचं उत्तर कंपनीने द्यायला हवं होतं, आणि कंपनी असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमची तोड येईल तेव्हा बॉयलर वाट बघत असेल. हा माझा शब्द."

मला तेव्हाच वाटलं, बाईंनी हे बोलायला नको होतं. पण टेकडीवर खड्डे पडले, रोपं लागली, पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून राखण झाली. सुबाभूळ वाढते म्हणजे किती वाढते! कंपनीच्या गच्चीवरून आधी तांबूस दिसणारी टेकडी पावसाळ्यागणिक हिरवी होत गेली. जेवणाच्या सुट्टीत बाई गच्चीवर जाऊन बघून यायच्या. "आपलं इंधन वाढतंय," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या.

पहिला पट्टा तोडीला आला त्याच वर्षी कंपनीच्या दारात गॅसची पाइपलाइन आली, आणि तिच्या मागोमाग नवे प्लँट हेड. गृहस्थ सभ्य होते. कुणावर आवाज चढवायचे नाहीत. त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं: गॅसला ना राख, ना गोदाम, लाकडाच्या यार्डाची जागा मोकळी झाली तर तिथे नवी प्रेस लाइन बसेल. जुना बॉयलर बंद करायचं ठरलं. त्या मीटिंगला मी होतो. बाईंनी टेकडीबद्दल सांगितलं, लावणाऱ्या लोकांबद्दल सांगितलं. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, झाडं काही पळून जात नाहीत."

"झाडं नाही पळत," बाई म्हणाल्या. "माणसांना पळावं लागतं, तोंड लपवून."

गुरुवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, बाई मला सोबत घेऊन करंजवाडीला गेल्या. मला का नेलं ते सांगितलं नाही. बहुधा परत येताना बसायला कुणीतरी हवं होतं.

ओट्यावर मंडळी जमली. बाईंनी प्रस्तावना केली नाही. "बॉयलर बंद होतोय," म्हणाल्या. "आमची कंपनी तुमचं लाकूड घेणार नाही."

एका म्हाताऱ्या बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तात्याच म्हणाले, शांतपणे, "आन तुमचा शबूद, बाई?"

"शब्द माझा होता, कंपनीचा नव्हता. तो आहे. पहिला पट्टा तोडा आणि चाळी भरा. उन्हाळी कांदा भरायची वेळ यायच्या आत चाळी रिकाम्या करून देते."

"आन न्हाई झाल्या तर?"

"तर तुमचा कांदा उघड्यावर पडेल आणि त्याला मी जबाबदार. मग मला गावात पाय ठेवू देऊ नका."

तात्यांनी तोड केली. चाळी लाकडाने भरल्या. गावातल्या काहींनी त्यांना वेड्यात काढलं असणार, ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

त्यानंतर बाई मागच्या सीटवर नमुन्याला त्या लाकडाच्या ढलप्यांचं पोतं बांधून स्कूटरवरून गुरुवारी गुरुवारी भोसरीपासून चाकणपर्यंत फिरल्या. बसच्या खिडकीतून ज्या धुराड्यांना इतकी वर्षं नावं ठेवली, त्यांच्याच दारात आता जाऊन उभं राहायची पाळी होती. कुणी म्हणालं राखेचं काय करू, कुणी म्हणालं मालक परगावी आहेत. एकाने ढलप्या हातात घेऊन त्यांना विचारलं, "मॅडम, हे झुरळं पळवायला कपाटात ठेवायचं का?" बसमध्ये हे सगळं त्या मला निर्विकार आवाजात सांगायच्या. पण धुराडी बघणं थांबलं होतं. तिकडे कांद्याच्या पाती पिवळ्या पडायला लागल्या होत्या, आणि पात पिवळी पडली की काढणी लांब नसते. बाई खंगल्या. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती.

शेवटी मोशीतल्या पठारे शेठनी दार उघडलं. त्यांची लाँड्री मोठी, हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी. वाफ भरपूर लागते, बॉयलर लाकडावर चालण्यासारखा होता. अडचण एकच. "ताई, माझा धंदा पांढऱ्या रंगाचा हाय," पठारे म्हणाले. "तुमच्या लाकडाची एक काजळी चादरीवर बसली की हॉटेलवाला सगळा गठ्ठा माझ्या तोंडावर फेकतो."

"गच्चीवर धुराड्याशेजारी एक चादर बांधा," बाई म्हणाल्या. "कोरी पांढरी. दिवसभर तुमचा बॉयलर मी चालवते. संध्याकाळी चादर बघा आणि मग बोला."

गुरुवार होता, म्हणून मीही गेलो. तात्यांच्या चाळीतून आणलेल्या लाकडाच्या ढलप्या होत्या. बाई खाली बॉयलरपुढे, पठारे वर गच्चीत खुर्ची टाकून चादरीसमोर, आणि मी निरोप्या. वाऱ्याने चादर धुराड्याकडेच ओढली जात होती. धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसायची, दुसरं काही नाही. मी खाली जाऊन तसं सांगायचो. बाई मान हलवायच्या, एक झडप केसभर इकडे नाहीतर तिकडे करायच्या. जेवायला उठल्या नाहीत. दुपार कलता कलता वरून पठारेंची हाक आली, "ओ ताई, डाग पडला!"

बाई जिने चढून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. चादरीच्या मधोमध डाग होता, करडा-पांढरा, ओघळलेला. बाईंनी तो जवळून पाहिला. मग मान वर करून टाकीच्या कठड्याकडे पाहिलं. तिथे कावळा बसला होता.

"पठारे," त्या म्हणाल्या, "हा माझ्या इंधनावर चालत नाही."

पठारे इतके हसले की खुर्ची मागे कलंडली. संध्याकाळी त्यांनी चादर उतरवली, कपाटातली दुसरी काढून तिच्याशेजारी धरली, उजेडात फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "कावळ्याचं सोडून देऊ. कधीपासून पाठवता?"

करंजवाडीची शेवटची चाळ रिकामी झाली तेव्हा कांदा काढून बांधावर येऊन पडला होता. कांदा आणणाऱ्या ट्रॅक्टरनेच लाकूड गेलं आणि त्याच दिवशी आत कांदा भरला. मला अतिशय आनंद झाला होता. बाईंनी मात्र चाळीच्या पट्ट्या वाजवून पाहिल्या आणि एक कुजली आहे म्हणून तात्यांना सुनावलं.

पुढचं थोडक्यात. आमचा बॉयलर थंड झाल्यावर कंपनीने बाईंना ऑफिसात एक टेबल दिलं. ते वाजवून बघून त्यांनी काही महिन्यांतच राजीनामा दिला आणि मोशीजवळ एक शेड भाड्याने घेतली. तिथे ढलप्या करायचं यंत्र बसवलं. पठारेंच्या शब्दावर भोसरीतला एक फरसाणवाला आला, मग एक डेअरी. मागणी वाढली तशी आणखी दोन वाड्यांनी टेकड्या लावल्या. पठारेंना एकदा जास्त माल हवा होता आणि पुढच्या वर्षीचा पट्टा आत्ताच तोडा म्हणून गावातलीच काही मंडळी तयार झाली होती. बाईंनी दोघांनाही दारात उभं केलं नाही. राख ट्रकने परत टेकडीवर जाते. मी अजून कंपनीच्या बसमध्येच आहे, डावीकडच्या खिडकीशी. भोसरी ते चाकण काही धुराड्यांतून आता काहीच दिसत नाही, आणि त्यांच्याखाली कुणाचं लाकूड जळतंय हे मला ठाऊक असतं. शेजारच्याला सांगावंसं वाटतं, पण तो झोपलेला असतो.

यंदाच्या थंडीत एका गुरुवारी बाईंचा फोन आला, करंजवाडीला ट्रक न्यायचाय, येता का. फोनवर त्या मोठमोठ्याने बोलत होत्या आणि माझं एकही वाक्य त्यांना धड कळत नव्हतं. भेटल्यावर उलगडा झाला. बोराटेंचं म्हणणं खरं ठरलं होतं. डॉक्टरने कानाचं यंत्र दिलं होतं, ते पर्समध्ये होतं. "त्यात सगळंच एकसारखं वाजतं," म्हणाल्या. "लाकूडही आणि भांडंही. काय उपयोग?"

पठारेंकडचा साठा संपत आला होता, त्यामुळे ट्रक भरून नेणं जरूर होतं. सोपानतात्या चाळीपाशी उभे होते. आता काठी टेकतात. गावातले चारजण माल चढवायला तयार होते. तात्यांनी मधल्या थरातून दोन लाकडं उपसून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उजव्या कानाशी नेऊन आपटली. मग डाव्या कानाशी. मग पुन्हा उजव्या, जरा जोरात. मी शेजारीच होतो, पण माझ्या कानाला त्यातलं काही कळत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ओलावा मोजायचं यंत्र खांद्यावरच्या पिशवीत होतं, आणि मला वाटलं आता ते बाहेर निघेल.

त्यांनी पिशवीला हात लावला नाही. दोन पावलं पुढे झाल्या, ती लाकडं तात्यांच्या कानाशी धरली आणि आपटली. आपटताना लाकडांकडे पाहिलं नाही, तात्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा आपटा म्हणून बोटाने खूण केली. बाईंनी पुन्हा आपटली. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसला होता, त्याला तात्यांनी हातानेच गप्प केलं. माल चढवणारे चौघे वाकले होते ते तसेच थांबले. गावाचा सगळा माल त्या चाळीत होता, ट्रक दारात उभा होता, आणि तात्या हो म्हणाले असते तर बाईंना काहीही कळलं नसतं.

तात्यांनी डोळे उघडले आणि मान आडवी हलवली. बाईंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "न्हाई, बाई. गाभ्यात ओल हाय अजून. आठवडाभर असू द्या."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यांनी ती दोन लाकडं होती तिथे मधल्या थरात परत सरकवली, हात झटकले आणि ड्रायव्हरला ट्रक वळवायला सांगितलं. मग ट्रकच्या पुढच्या सीटवर खिडकीशी चढून बसल्या, आणि रिकामा ट्रक करंजवाडी सोडून मोशीच्या रस्त्याला लागला.